उंटावरून शेळ्या हाकून घरभाडे मिळत नाही

(लेखक पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहेत.)

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात पैसा एका नव्या वाटेने येऊ लागला आहे. ही वाट कापसाची, सोयाबीनची किंवा दुधाची नाही, जमीन जाण्याची आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो दहा जिल्ह्यांतून जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा. या रस्त्यात, आणि त्याच्याआधी-नंतर झालेल्या रस्ते, धरणे, औद्योगिक वसाहतींत ज्यांची जमीन गेली, त्यांच्या खात्यावर आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम जमा झाली. पैसा आला की सल्लागारही येतात. पाव्हणे येतात, दलाल येतात, शहरात नोकरी करणारा भाचा येतो. "मामा, एक फ्लॅट घेऊन टाका. डागडुजी करू, भाड्याने देऊ. महिन्याला बसून पैसे येतील. पावसाची वाट बघायला नको!"

हे "बसून येणारे पैसे" ऐकायला फार गोड लागतात. दुष्काळात पोळलेल्या माणसाला तर जास्तच. एखादा शेती खात्यातला माणूस घरभाड्यावर कशाला लिहितो, असे काहीजण म्हणतील. त्यांना माझे उत्तर सोपे आहे. हा पैसा रानातून आलेला आहे, आणि तो बुडाला तर रानच बुडाले. फ्लॅट घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. पहिला फ्लॅट लांबच्या शहरात, न बघता, दुसऱ्याच्या भरवशावर घेऊ नका, एवढे मात्र मी ठासून म्हणणार आहे.

आधी हिशेब, मग विसार

शेतकरी बंधूंनो, आपण एकरी खर्च काढतो तसा या फ्लॅटचाही काढून बघू. समजा, महापालिकेच्या हद्दीत जुन्या इमारतीतला एक लहान फ्लॅट २२ लाखांना ठरला. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर १ लाख ५४ हजार. नोंदणी फी एक टक्का म्हणजे २२ हजार (ही फी जास्तीत जास्त ३० हजार असते). दलाली एक टक्का, आणखी २२ हजार. जुन्या घराची दुरुस्ती कमीत कमी २ लाख. एकूण झाले जवळजवळ २६ लाख.

आता उत्पन्न. भाडे महिना ८ हजार धरू. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षातला एक महिना तरी घर रिकामे राहते. म्हणजे ११ महिन्यांचे ८८ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च महिना १२०० प्रमाणे १४,४००, मिळकतकर ५ हजार, किरकोळ दुरुस्ती ६ हजार, आणि गावाहून जाण्या-येण्याचे ६ हजार वजा करा. हाती राहिले ५६ हजार ६००. २६ लाखांवर हे शेकडा सव्वादोनसुद्धा पडत नाही. तीच रक्कम बँकेत शेकडा सहाने ठेवली असती तर दीड लाखाच्या वर व्याज आले असते. घर चार महिने रिकामे राहिले तर हातात ३२ हजार येतात. एवढे तर एक चांगली म्हैस देईल, आणि ती दाराशी असेल.

"पण जागेची किंमत वाढते ना साहेब?" हा प्रश्न नेहमी येतो. वाढते, कबूल. पण सगळीकडे सारखी वाढत नाही. इमारत जुनी होत जाते तसा फ्लॅटचा भाव जमिनीच्या भावासारखा पळत नाही. आणि वाढलेली किंमत हातात पडते ती विकल्यावर. तोवर पोराची फी, मुलीचे लग्न, बियाणे-खते या कशालाही ती उपयोगी पडत नाही. ज्यांची मुले शहरात शिकायला जाणार आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी तो फ्लॅट मुलांच्या राहण्यासाठी म्हणून घ्यावा आणि हिशेबही तसाच मांडावा.

आणखी एक बाब. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून भाड्यावरही नाही असा गैरसमज खेडोपाडी आहे. घरभाडे हे शेती उत्पन्न नव्हे. भरलेला मिळकतकर वजा करून जे राहते त्यातून ३० टक्के सूट मिळते, बाकीची रक्कम उत्पन्नात धरली जाते. कर लागो न लागो, हिशेब ठेवावा लागतो. पुणे महापालिकेत तर स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. दलाल हे सांगत नाही.

सकाळच्या एसटीने जाऊन रात्री घरी

माझे मत असे की, पहिले भाड्याचे घर सकाळच्या एसटीने जाऊन रात्री मुक्कामाला घरी परत येता येईल एवढ्याच अंतरावर असावे. तालुक्याचे गाव किंवा जिल्ह्याचे ठिकाण. तिथे शिक्षक, बँकेतली माणसे, दवाखान्यातल्या परिचारिका, कॉलेजची पोरे भाड्याने घर शोधतातच. भाडे पुण्यापेक्षा कमी येईल, पण किंमतही कमी असते. नळ गळाला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे उभे असाल. महिलांना तर २०२३ पासून एसटीला अर्धेच तिकीट आहे, म्हणजे घरची बाईही जाऊन बघून येऊ शकते. आणि घरातल्या भिंतीची ओल, स्वयंपाकघरातला ओटा, पाण्याचा दाब हे बाईच्या नजरेला आधी दिसते, हा माझा अनुभव आहे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून फ्लॅट त्याहून साजरे दिसतात, कारण फोटो काढणाऱ्याला कुठला कोपरा दाखवायचा नाही हे माहीत असते. आपण रान घेताना काय करतो? माती हातात घेऊन बघतो, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती राहते ते शेजाऱ्याला विचारतो, बांधावरून फिरतो. दोन एकरांसाठी चार चकरा मारणारा माणूस २२ लाखांचा फ्लॅट मोबाईलवर बघून विसार देतो, हे मला अजून उमगलेले नाही.

घर पावसाळ्यात बघा. श्रावणाच्या झडीत वरच्या मजल्याचे छत आणि पश्चिमेची भिंत खरे बोलतात. नुकताच रंग मारलेला असेल तर आनंदून जाऊ नका. रंगाखाली काय झाकले ते विचारा. पहारेकऱ्याला आणि खालच्या दुकानदाराला विचारा की उन्हाळ्यात टँकर किती महिने येतो. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन त्या फ्लॅटची देखभालीची थकबाकी किती, वीजबिल भरलेले आहे का, हे कागदावर घ्या.

कागद: सातबाऱ्याइतकेच बारकाईने

सातबारा आपल्याला वाचता येतो, फेरफार कळतो. फ्लॅटच्या कागदांना मात्र आपण बिचकतो. कागद मोजके आहेत. विकणाऱ्याच्या नावाचे नोंदणीकृत खरेदीखत आणि त्याचा सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे "इंडेक्स टू" म्हणतात. जुनी सोसायटी असेल तर भाग प्रमाणपत्र. इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेचा बेबाकी दाखला. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल. वकील आपण निवडलेला हवा, दलालाने आणलेला नको.

नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठाहून जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. करार नोंदविण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. "दहा टक्के काय, निम्मे द्या, भाव कमी करतो" असे कोणी म्हणाला की उठून यावे.

व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर करू नका. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितले आहे. आपल्या बाजूनेही तेच. भाच्याला किंवा साडूच्या मुलाला "तूच बघ सगळे" म्हणून कुलमुखत्यारपत्र लिहून देऊ नका. सही करायला स्वतः जा. काम बघण्यापुरते अधिकारपत्र द्यायचे तर त्यात काय करायचे आणि काय करायचे नाही, हे दोन्ही लिहा.

रोखीचा मोह टाळा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याला मान्य नाही. रोख दिलेला पैसा कागदावर दिसत नाही, आणि व्यवहार मोडला तर तो मागता येत नाही.

नाव कोणाचे लावायचे, याचाही विचार घरात बसून करा. मोबदल्याच्या पैशात बहिणींचा, मुलींचा वाटा असतो. तो आधी मोकळेपणाने मिटवा, नाहीतर फ्लॅटला कुलूप आणि कोर्टात तारखा अशी गत होते. राहण्याचे घर फक्त बाईच्या नावाने घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. वरच्या हिशेबात त्याचे २२ हजार वाचतात. घराच्या लक्ष्मीला हक्क मिळतो तो वेगळाच.

दुरुस्ती: मोजमाप झाल्याशिवाय पैसा नाही

खरी गंमत इथून पुढे सुरू होते. आमच्या खात्यात शेततळ्याचे काम झाले की मोजमाप पुस्तिका भरतात. लांबी, रुंदी, खोली मोजल्याशिवाय बिल निघत नाही. हाच नियम फ्लॅटच्या दुरुस्तीला लावा. मग कंत्राटदार शहरातला असला तरी तुमच्या मुठीत राहील.

माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने लांबच्या शहरात फ्लॅट घेतला आणि दुरुस्तीचे काम "सगळे मिळून पावणेदोन लाख" असे तोंडी ठरवले. सोयाबीन काढणीचे दिवस होते, त्याला जाता येईना. कंत्राटदार रोज फोन करी आणि पैसे मागे. लाख-सव्वा लाख गेल्यावर फोन लागेनासा झाला. दिवाळीनंतर जाऊन बघतो तर न्हाणीघरात जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवलेली, पाणी खालच्या घरात उतरलेले, आणि खालचा मालक भांडायला दारात उभा. सगळे उखडून पुन्हा करावे लागले. पहिले भाडे हातात पडायला पुढचा पावसाळा उजाडला.

असे होऊ नये म्हणून काही गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, अंदाजपत्रक लेखी घ्या. प्रत्येक कामाचे माप आणि दर वेगळा हवा. फरशी आणि रंग चौरस फुटावर, विजेचे काम पॉईंटवर, नळाचे काम नगावर. माल कोणत्या प्रतीचा, आयएसआय शिक्का आहे की नाही, तेही लिहा. "सगळे मिळून" हा शब्द अंदाजपत्रकात नको.

दुसरी गोष्ट, कामांचा क्रम. आधी पाणी, मग वीज, मग दारे-खिडक्या, सगळ्यात शेवटी रंग. बरेच लोक उलटे करतात, कारण रंग दिसतो आणि पाईप दिसत नाही. भाडेकरू मात्र रंग बघून येतो आणि पाईप गळाला की जातो. भाड्याच्या घरात छताची नक्षी, महागडी कपाटे यांवर पैसा घालू नका. साधी मजबूत फरशी, धुता येईल असा रंग, न्हाणीघराला पाण्याने न फुगणारे दार, गॅलरीला जाळी, एवढे पुरे. लाकडी चौकटीत वाळवी आहे का, ते टोचून बघा.

तिसरी, पाण्याची परीक्षा. नवी पाईपलाईन भिंतीत बुजवण्याआधी तीत दाबाने पाणी भरून ठेवा आणि गळती बघा. न्हाणीघर व संडासाची जलरोधक प्रक्रिया झाली की फरशी बसवण्याआधी तळात पाणी साठवून निदान २४ तास ठेवा, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. शेततळ्याला गळती आहे का ते आपण असेच बघतो. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारायला सांगा. कामगारांना घाई असते, पण पाणी न मारलेला गिलावा पुढे भेगाळतो.

चौथी, विजेची सुरक्षितता. जुन्या घरातली वायर आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. शॉक लागताच वीज तोडणारे उपकरण मुख्य पेटीत बसवा. दुसऱ्याचे लेकरू तिथे राहणार आहे. शेतातल्या मोटारीच्या उघड्या वायरने किती घरे उजाडली हे आपण जाणतो.

पाचवी, पैशाचे टप्पे. कामाआधी पाचव्या हिश्श्याहून जास्त उचल देऊ नका. पुढचा पैसा मोजून झालेल्या कामापुरता द्या, आणि तोही बँकेतून. शेवटचा पाचवा हिस्सा काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा. सिमेंट, फरशी, वायर दुकानातून स्वतः बिलावर घ्या आणि कंत्राटदाराला फक्त मजुरी द्या. लांबच्या मालकाला हीच पद्धत परवडते.

सहावी, तीन चकरा ठरलेल्या. एक तोडफोड झाल्यावर, दुसरी पाईप आणि वायर भिंतीत बुजवण्याआधी, तिसरी काम संपल्यावर. दुसरी चक्कर चुकवूच नका, कारण बुजवलेले पुन्हा दिसत नाही. मधल्या दिवसांत मोबाईलवर बघा. पण कॅमेरा कुठे फिरवायचा ते तुम्ही सांगा, समोरच्यावर सोडू नका.

भिंत पाडायची असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. आरसीसी खांब-तुळईला हात लावू नका. राडारोडा कुठे टाकायचा, कामाची वेळ काय, हे विचारून घ्या, नाहीतर दंड भरावा लागतो.

आणि वेळापत्रक आपल्या शेतीशी जुळवा. पावसाळ्यात घर बघा, दिवाळीनंतर कागद तपासून खरेदी करा, रब्बी निघाल्यावर चैत्र-वैशाखात दुरुस्ती उरका. जूनमध्ये शाळा-कॉलेजे सुरू होतात, बदल्यांची माणसे येतात, तेव्हा घर तयार असले पाहिजे. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत घराचे काम काढले की दोन्ही बिघडतात.

भाडेकरू आणि करार

"माणूस चांगला वाटला, म्हणून किल्ली दिली" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. माणूस चांगला असेलही, पण कागद हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. उलट कराराची मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भाडे मागता येते.

खर्चही फार नाही. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी फी. परत करायची अनामत घेतली तर तिच्या दहा टक्के वार्षिक व्याजाची रक्कमही शुल्कासाठी धरतात. हा करार आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाईन नोंदवता येतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या. घरातल्या वस्तूंची यादी, मीटरचा आकडा आणि भिंतींचे फोटो कराराबरोबर ठेवा. भाडे बँक खात्यातच घ्या. भाच्याच्या हाती येणारे भाडे भाच्याच्या हातीच राहते.

सोसायटी भाड्याच्या घरावर बिनभोगवटा शुल्क लावते. शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. कोणी मनमानी आकारणी केली तर हा आदेश दाखवा.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना (पदांची नावे बदलली तरी माणसे आपलीच) एक सुचवावेसे वाटते. भूसंपादनाचा मोबदला वाटण्याचे दिवस आले की गावात दलालांच्या गाड्या ग्रामपंचायतीच्या आधी पोचतात. त्याच आठवड्यात ग्रामसभा घ्या. बँकेचा व्यवस्थापक, तालुक्यातला एखादा वकील आणि दुय्यम निबंधक कार्यालयातला जाणकार बोलवा. आम्ही कृषी खात्याची माणसेही येऊ. दोन तासांची ती बैठक अनेकांचे लाखो रुपये वाचवील. इंडेक्स टू कसा बघायचा, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प कसा शोधायचा, हे ग्रामपंचायतीच्या संगणकावर दाखवायला काय हरकत आहे?

शेतकऱ्यांना शेवटचे सांगणे असे. मोबदल्याचा पहिला हिस्सा कर्ज फेडायला, दुसरा विहीर, ठिबक किंवा जमेल तर दुसरी जमीन घ्यायला, आणि त्यातून उरले तरच फ्लॅट. फ्लॅटसाठी राहिलेले बागायत रान विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. शेवटचा गुंठा विकून शहरात मालक झालेला माणूस उद्या परत फिरला तर बांधावर उभे राहायला जागा राहत नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी जवळचा घ्यावा, लहान घ्यावा, पावसात बघून घ्यावा, आणि विसाराची पावती फाडण्याआधी वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा वहीत मांडावा. वही आणून दाखवली तर पंचायत समितीत सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मी तुमच्याबरोबर बसायला तयार आहे.